बोल्ट सहज उघडतोय म्हणून दाब ठीक आहे असं समजू नका

तुम्ही काडतुसं घरी भरता. तुमची रायफल .308 विंचेस्टर काडतुसाची, बॅरल 20 इंची, बुलेट 168 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप). लोडिंग मॅन्युअलमध्ये, म्हणजे काडतुसं भरण्याच्या पुस्तकात, हीच बुलेट आणि हीच पावडर 24 इंची बॅरलमधून जास्तीत जास्त 2,700 फूट प्रति सेकंद जाते असं दिलंय. तुम्हाला क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) 2,720 दिसतायत, प्राइमर (काडतुसाच्या बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या टोप्या) चपटे झालेले नाहीत, बोल्ट (काडतूस आत बसवणारा आणि बाहेर काढणारा दांडा) सहज उघडतोय, म्हणजे जळत्या पावडरचा दाब ठीक असणार, तर पुढच्या मोसमात हरणासाठी पावडर अजून अर्धा ग्रेन वाढवावी का, असं तुम्ही विचारलंय.

वाढवू नका. उलट आत्ता आहात तिथूनही खाली उतरा.

.308 मध्ये बॅरल इंचभर आखूड झालं की वेग साधारण 20 ते 25 फुटांनी घटतो. चार इंचांचे ऐंशी ते शंभर फूट गेले. म्हणजे पुस्तकातल्या कमाल लोडला, पावडरच्या कमाल मापाला, तुमच्याकडे 2,600-2,620 यायला हवेत. तुम्हाला शंभर फूट वर मिळतायत. आधी फॅक्टरीची चार-पाच काडतुसं झाडून क्रोनोग्राफ खरं बोलतोय का ते बघा. तो बरोबर असेल तर हे शंभर फूट दाबातूनच आलेत. काही बॅरल मुळात थोडी वेगवान असतात, पण एवढा फरक मी बॅरलच्या नावावर ढकलणार नाही. घरी आपल्याकडे दाब मोजायचं यंत्र नसतं. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे क्रोनोग्राफ, आणि तुमच्या क्रोनोग्राफने सांगायचं ते सांगितलंय.

शिवाय वेग आणि दाब एका चालीने चढत नाहीत. कमाल लोडच्या आसपास पावडर एक टक्का वाढवली तर वेग जेमतेम टक्काभर वाढतो, दाब मात्र दोन टक्के किंवा त्याहून जास्त. सामीने (SAAMI, काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) .308 साठी ठरवलेली मर्यादा चौरस इंचाला 62,000 पौंडांची आहे. तिथे पोचल्यावर शेवटचे पन्नास फूट फार महाग पडतात.

आता प्राइमर आणि बोल्टचं. गोळी सुटते तेव्हा पितळी केस (काडतुसाचं नळकांडं) फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या बॅरलच्या मागच्या भागाच्या, भिंतीला घट्ट बसते, आणि दाब उतरला की थोडी आकसते, म्हणून बोल्ट सहज उघडतो. दाब फारच चढला तर पितळेची ही आकसण्याची ताकदच संपते. चेंबरचं पोलाद मात्र आपल्या जागी परत येतं आणि केसला आवळून धरतं. म्हणजे बोल्ट जड लागतो तेव्हा मर्यादा केव्हाच मागे पडलेली असते. प्राइमरचं तर विचारू नका. एकाच लोडला एका कंपनीचा चपटा होतो, दुसरीचा गोल राहतो. .30-30 या दुसऱ्या काडतुसाची मर्यादा 42,000 आहे. तिथे तुम्ही दहा हजारांनी वर गेलात तरी प्राइमर काही सांगेलच असं नाही.

मी टेक्सासात राहतो. एकदा जानेवारीत, थंडीत, कमाल आकड्याला टेकलेला लोड ठरवला. सगळं छान. तीच काडतुसं ऑगस्टमध्ये रेंजवर नेली आणि डबा तासभर उन्हात बाकावर राहिला. तिसऱ्या गोळीला बोल्टचं हँडल तळव्याने ठोकून वर करावं लागलं. केसच्या बुडावर अक्षरांशेजारी नखाएवढा चकचकीत डाग होता, इजेक्टरच्या (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या खिट्टीच्या) भोकात पितळ शिरल्याचा. घरी त्या केसमध्ये नवा प्राइमर बसवला तर तो काही अडथळा न होता आत सरकला. प्राइमर बसतो तो खळगा, म्हणजे पॉकेट, ढिला झाला होता. उरलेली चाळीस काडतुसं मी बुलेट पुलरच्या हातोडीने एकेक करून मोकळी केली. काही पावडरी तापमानाला कमी दाद देतात, पण अजिबात दाद न देणारी एकही नाही. म्हणून माझे लोड आता उन्हाळ्यातच ठरतात.

आणि हे सगळं कशासाठी? शंभर यार्डांवर झीरो केलेल्या (नेम जुळवलेल्या) .308 मध्ये शंभर फूट वेग वाढला तर तीनशे यार्डांवर गोळी फक्त इंच-सव्वा इंच कमी खाली येते. तेवढं स्कोपवर फिरवता येतं. हरणाला फरक पडतो तो गोळी कुठे लागली याने.

आता मॅन्युअलच्या कमालपेक्षा दहा टक्के खालून पुन्हा सुरुवात करा आणि थोडं थोडं चढा. तुमच्या 20 इंची बॅरलला साजेसा वेग आला की थांबा, पावडर पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमी असली तरी. तुम्ही वापरताय ते ब्रास (पितळी केस) लष्करी आहे का, तेही बघा. ते बहुधा जाड असतं, आत जागा कमी, त्यामुळे तेवढ्याच पावडरला दाब जास्त. तुमचे शंभर फूट तिथूनच आले असण्याची दाट शक्यता आहे. ब्रास, प्राइमर, बुलेट, पावडरचा लॉट, यातलं काहीही बदललं की पुन्हा खालूनच. पावडरचं नाव पूर्ण वाचा: एच 4350 आणि आयएमआर 4350 या दोन वेगळ्या पावडरी आहेत.

भारतातून वाचणाऱ्यांनी लक्षात घ्या, तिथे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र अधिनियम 1959 खाली गुन्हा आहे. मी लिहिलंय ते अमेरिकेतल्या लोडिंगबद्दल.

त्या 2,720 वाल्या काडतुसांच्या डब्यावर आजच लाल टेप लावा आणि सवडीने ती मोकळी करा. ब्रासवरची अक्षरं आणि दहा टक्के खालच्या लोडचे वेग इथे टाका, मग पुढचं बोलू.