जॉर्जियातलं जुनं घर आणि वीस टक्क्यांची आशा

प्रश्न: आम्ही दोघं अटलांटात नोकरी करतो. जॉर्जियातल्याच वॉशिंग्टन या छोट्या गावात १८९० च्या सुमाराचं लाकडी घर २,६०,००० डॉलरला मिळतंय. दुरुस्तीला ९०,००० लागतील. ते भाड्याने द्यायचंय. ऐतिहासिक घर म्हणून दुरुस्तीचे २० टक्के करात सुटतील ना? कमी पडले तर ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचतखात्यातून काढू.

नमस्कार. साताऱ्याचा वाडा भावकीत गेला, ती हौस इथे भागवायची, असं तुम्ही लिहिलंय. हौस जरूर करा, फक्त तिला गुंतवणूक म्हणू नका.

वीस टक्क्यांची सवलत खरी आहे. घर नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या सरकारी यादीवर, किंवा तिथे नोंदलेल्या परिसरातलं हवं, आणि कमाईचं हवं, स्वतः राहायचं नव्हे. पण घोडं पेंड खातंय वेगळीकडेच. साधारण २४ महिन्यांत दुरुस्तीवरचा खर्च इमारतीच्या खरेदीकिमतीहून जास्त व्हावा लागतो. जमिनीचे ४०,००० वजा केले तर इमारत २,२०,०००ची. तुमचे ९०,००० त्याच्या निम्मेही नाहीत. म्हणजे तुम्ही धरलेले १८,००० विसरा. मिळाली असती तरी सवलत पाच वर्षांत विभागून येते, आणि दोघांचं मिळून उत्पन्न अडीच लाखांवर असेल तर भाड्याच्या घराची सवलत पगारावरच्या करातून सहसा वळती होत नाही, पुढच्या वर्षांवर ढकलली जाते.

आता ते ९०,०००. हा आकडा कुणी काढला? ही घरं विटांच्या खांबांवर उभी असतात. माझ्या एका अशिलाने खाली सरपटत जाऊन तुळईला स्क्रूड्रायव्हर लावला, तो चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. वाळवी! वरच्या खोलीतली पाइनची जमीन मात्र चकचकीत होती. जुनी वायरिंग निघाली तर विमा कंपन्याच पाठ फिरवतात. १९७८ पूर्वीचं घर, म्हणजे रंगात शिसंही धरून चाला.

४०१(के)ला हात लावू नका. साडेएकोणसाठच्या आधी काढलंत तर आयकर भराच, वर सहसा १० टक्के दंडही.

ऑफर देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियर, वाळवीची तपासणी आणि विम्याचं लेखी कोटेशन, एवढं करा. दुरुस्तीवर आणखी ३० टक्के राखीव धरा. एवढं धरूनही सवलतीशिवाय भाड्यातून हप्ता निघत असेल तरच घ्या. माझ्या हिशेबात निघत नाही. किंमत खाली आली तर पुन्हा लिहा.