"मॅडम, तिचा फोन काढून घेऊ का?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आयांचा हा प्रश्न आता मला पाठ झालाय. "पोरगी सारखी स्वतःचे फोटो एडिट करत बसते. फोन काढून घेऊ का?" मुलगे यातून सुटलेत असं नाही. ते नाकाऐवजी जबडा आणि दंड दुरुस्त करतात, आणि त्यांच्या आया जरा उशिरा येतात, एवढंच.

फोन काढून घेऊ नका, असं मी सांगते. का, ते श्रुतीच्या (नाव बदललंय) उदाहरणावरून कळेल.

श्रुती सांगलीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. ग्रुप फोटोत उभं राहणं तिने सोडलं होतं, स्वतःचा सेल्फी मात्र तासभर घासूनपुसून टाकायची. "माझं नाक बघा ना," म्हणाली. मी तिचा एक फोटो हातभर अंतरावरून काढला, दुसरा पाच फुटांवरून. लेन्सच्या जवळचं मोठं दिसतं. फूटभर अंतरावरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ साली गणिताने दाखवलंय. श्रुतीने दोन्ही फोटो पाहिले आणि म्हणाली, "पण आत्या तर समोर बसूनच नावं ठेवते ना!"

मी याच वाक्याची वाट बघत होते. मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या वळणाची. आपण जसे आहोत आणि जसं असायला हवं, या दोन चित्रांतलं अंतर माणसाला टोचत राहतं, असं तो मानायचा. मला त्यापुढे एक विचारायचं असतं: ते 'असायला हवं' ठरवलं कुणी?

श्रुती कॉलेजच्या नियतकालिकाची पानं लावायची, फोटोशॉप तिच्या हातातलं होतं. मी म्हटलं, "स्वतःचं पोर्ट्रेट कर. हवं ते बदल. मूळ फोटो तळाशी तसाच ठेव, प्रत्येक बदल वेगळ्या लेअरवर, म्हणजे फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक थरावर कर, आणि तो कुणासाठी केलास त्याचं नाव त्या लेअरला दे." फोनवरच्या फिल्टरमध्ये सगळं एका झटक्यात होऊन जातं, काय बदललं याचा माग राहत नाही. लेअरमध्ये तो राहतो.

पुढच्या वेळी ती लॅपटॉप घेऊन आली. उजळ रंगाच्या लेअरचं नाव 'आत्या'. नाक: 'बारावीचा ग्रुप'. हनुवटी: 'रील्स'. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसलेल्या लेअरवर लिहिलं होतं 'आई'.

"हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "नाव टाइप करताना कळलं."

सगळ्यात वर केसांत जांभळा रंग आणि मागे द्राक्षाचा मांडव होता. त्या लेअरचं नाव 'मी'. हे कुणी सांगितलं, मी विचारलं. "कुणीच नाही. मला आवडतं." मग लेअरशेजारच्या डोळ्याच्या खुणेवर क्लिक करत तिने एकेक माणूस बंद केला. बराच वेळ बंद-चालू, बंद-चालू. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हीच आमची अर्धी विद्या. हा लेअरचा उपाय मी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही, आणि पुढे तो बऱ्याच मुलांना लागू पडला, हेही सांगायला हरकत नाही.

तेव्हा आयांनो, "तू आहेस तशीच छान आहेस" हे वाक्य मुलं ऐकून सोडून देतात. त्यापेक्षा शेजारी बसा आणि म्हणा, "काय काय बदललंस, दाखव की." रंगावरून, वजनावरून बोलणाऱ्या नातेवाइकाला मुलीच्या देखतच थांबवा. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. गिम्प फुकट आहे, त्यातही लेअर आहेत. पण रोजचे कित्येक तास आरशापुढे जात असतील, कॉलेज बुडत असेल, ऑपरेशनचा हट्ट असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस या सरकारी फोनसेवेची मोफत मदतही मिळते.

श्रुतीचं एडिटिंग काही थांबलेलं नाही. 'आत्या'सुद्धा तिने डिलीट केली नाही, त्या लेअरची ओपॅसिटी, म्हणजे ठळकपणा, ३० टक्क्यांवर आणून ठेवली. 'आई'चा लेअर मात्र तिने बाहेर बसलेल्या आईला आत बोलावून दाखवला. पुढच्या आठवड्याची वेळ आईने स्वतःसाठी घेतली.