‘स्ट्रमॅश’ म्हणजे नेमकं काय, आणि तो आला कुठून?

स्कॉटिश फुटबॉलच्या समालोचनात ऐकू येणारा ‘स्ट्रमॅश’ हा स्कॉट शब्द, उच्चारताना जोर ‘मॅश’वर. अर्थ गोंधळ, धुमश्चक्री, आरडाओरडा, सगळं एकदम. कॉर्नर आला, गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला, आठ-दहा जण त्यावर तुटून पडले, एक आडवा झालाय, दुसऱ्याची लाथ हवेतच गेली आणि चेंडू कुठाय हे पंचालाही दिसेना, की झाला स्ट्रमॅश. मैदानावर तो रुळवला समालोचक आर्थर माँटफर्ड यांनी. १९५७ ते १९८९ ते स्कॉटिश टेलिव्हिजनवर ‘स्कॉटस्पोर्ट’ हा खेळांचा कार्यक्रम सादर करत. शब्द त्यांचा नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉट लेखनात तो आहेच, तोही चेंडूबिंडू नसताना.

व्युत्पत्ती विचाराल तर कोशकार सावध आहेत. बहुधा नादानुकारी, म्हणजे आवाजाची नक्कल करणारा, ‘स्मॅश’, ‘क्रॅश’च्या घराण्यातला. काही जण तलवारीच्या घावाला असलेल्या ‘एस्त्रामासाँ’ या फ्रेंच शब्दाशी त्याचं नातं लावतात. मला ते ओढूनताणून वाटतं. नाद जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही.

याच कुळातला माझा खरा लाडका शब्द मात्र ‘कॉलीशँगी’, म्हणजे भांडण, कलागत. स्कॉट कवी रॉबर्ट बर्न्सने १७९० मध्ये, कुणीतरी वर्तमानपत्र पाठवलं म्हणून आभाराची कविता लिहिली, तीत रशिया आणि तुर्कांच्या युद्धाला त्याने हा शब्द वापरलाय. दोन साम्राज्यांची लढाई आणि शब्द कुत्र्यांच्या भांडणाचा! निदान राणी व्हिक्टोरियाची समजूत तशी होती. १८८४ मध्ये छापलेल्या तिच्या हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, रोजनिशीत तिचा कुत्रा शार्प वाटेतल्या झोपड्यांपाशी इतर कॉली (मेंढ्या राखणाऱ्या) कुत्र्यांशी कॉलीशँग्या करतो, आणि बाईसाहेब कंसात अर्थही देतात: भांडण, पण कुत्र्यांच्या झुंजीवरून आलेलं. ‘शँगी’चा उलगडा काही जण कुत्र्याच्या शेपटीला अडकवायच्या चिरलेल्या काठीवरून करतात. चित्र झकास आहे, आणि म्हणूनच मी जरा जपून घेतो.

भाषांतर करत असाल तर सरसकट ‘गोंधळ’ लिहू नका. याच कुळातला ‘रॅमी’ हा ग्लासगोकडचा, त्याला आपला ‘राडा’ चपखल. ‘स्टूशी’ हा तिथल्या वर्तमानपत्रांचा आवडता, मंत्र्याच्या विधानावरून उठलेला गदारोळ तो. स्ट्रमॅशला मी ‘धुमश्चक्री’ ठेवेन, आणि गोलसमोरचा असेल तर नुसती ‘झुंबड’.