अँटिबायोटिकनंतर मुलाला प्रोबायोटिकची पुडी द्यावी की घरचं दही पुरे? (मुलगा 5 वर्षांचा, फोंडा)

एरवी धडधाकट असलेल्या 5 वर्षांच्या मुलाला प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या, पुडीची गरज बहुधा नसते. घरचं ताजं दही आणि चोथायुक्त जेवण पुरतं. दह्यातले जिवाणू आतड्यात कायमचा मुक्काम करत नाहीत, पाहुण्यासारखे येतात नि जातात. आतले मूळचे जिवाणू जगतात ते चोथ्यावर. म्हणून खरा भर द्यायचा तो नीट शिजवलेले अळसांदे (चवळीचा प्रकार), मूग, तांबडी भाजी (लाल माठ), केळी आणि नाचणीवर. सकाळी उकड्या तांदळाची पेज नि सोबत थोडी उसळ, याहून सोपं काय!

दोन गैरसमज मात्र नेहमी दिसतात:

- सान्ना आणि इडलीचं पीठ आंबवलेलं असलं तरी वाफेवर त्यातले जिवाणू मरतात. पचायला हलकी, एवढंच. उकळलेल्या कढीचंही तेच.
- बाजारातल्या फळांच्या चवीच्या गोड दह्यात साखरच जास्त असते. साधं दही घ्या, हवं तर केळं कुस्करून घाला.

औषधाचा कोर्स अजून चालू असेल तर दही आणि गोळीत 2 तासांचं अंतर ठेवा.

अँटिबायोटिकमुळे जुलाब लागले असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा ठरावीक प्रकारच्या प्रोबायोटिकचा उपयोग होऊ शकतो, पण कुठलं ते बालरोगतज्ज्ञच सांगतील. तोवर ओआरएस सुरू ठेवा. शौचात रक्त, ताप किंवा लघवी कमी झाली तर वाट पाहू नका. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या मुलाला पुडी स्वतःहून देऊच नये.