गाइडची पदकं मोजू नका

प्रश्न : माझी मुलगी भूशास्त्रात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे पीएचडी करायची आहे. तीन विद्यापीठांच्या सागरी व भूविज्ञान विभागांतल्या प्राध्यापकांना मिळालेल्या पुरस्कारांचा मी तक्ता केला आहे. ज्याची पदकं जास्त तो गाइड घ्यावा, आणि तिशीच्या आत तिला एक तरी आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळावा, असा विचार आहे. ती मात्र दिवस दिवस सूक्ष्मदर्शकाखाली शिंपले मोजत बसते. तिला कसं समजवावं? – एक पालक

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात प्राध्यापकांच्या पदकांची पानभर यादी आहे आणि मुलीबद्दल एकच वाक्य, तेही तक्रारीचं. तिला कुठला प्रश्न सोडवावासा वाटतो, हे पत्रात कुठेच नाही. तुम्ही विचारलंत का तिला?

ते शिंपले नव्हेत. फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची ती कवचं असावीत. समुद्रतळाच्या गाळाचा नमुना ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, १५० मायक्रॉनहून मोठा भाग वेगळा काढून त्याचे सारखे हिस्से करायचे आणि एका हिश्शातली किमान ३०० कवचं प्रजातीनुसार ओळखून मोजायची, अशी रूढ पद्धत आहे. कमी मोजली तर दुर्मीळ प्रजातींच्या टक्केवारीवर भरवसा ठेवता येत नाही. एका कोअरमध्ये, म्हणजे समुद्रतळात नळी घालून काढलेल्या गाळाच्या लांब उभ्या स्तंभात, असे शेकडो नमुने असू शकतात. त्यामुळे दिवस जातातच.

केंब्रिजच्या निकोलस शॅकल्टन यांनी अशाच कवचांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरून) १९६७ मध्ये दाखवलं की, त्या नोंदीत तापमानापेक्षा हिमस्तरांच्या घटवाढीचा वाटा मोठा आहे. पुढे १९७६ मध्ये हेज आणि इम्ब्री या शास्त्रज्ञांसोबत, हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या दोन कोअरवरून, त्यांनी हिमयुगांचं वेळापत्रक पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांशी जोडलं. क्राफोर्ड पारितोषिक मिळालं १९९५ मध्ये. भूविज्ञानाला स्वतःचं नोबेल नाही, त्या जागी जी मोजकी पारितोषिकं मानली जातात त्यांतलं हे एक. म्हणजे ज्या कामातून अशी पदकं येतात त्याच कामावरून तुम्ही मुलीला उठवायला निघाला आहात.

तिशीचा हिशेबही सोडा. स्युकुरो मानाबे यांचं हवामान प्रारूपावरचं गाजलेलं काम १९६७ चं, भौतिकशास्त्राचं नोबेल २०२१ चं, तेव्हा वय ९०. इंगे लेहमान यांनी पृथ्वीचा आंतरगाभा १९३६ मध्ये दाखवून दिला, अमेरिकन जिओफिजिकल युनियनचं बोवी पदक मिळालं १९७१ मध्ये. तरुणांसाठी असलेल्या त्याच संस्थेच्या मॅकलवेन पदकाची मुदतसुद्धा पीएचडीनंतर दहा वर्षं अशी मोजतात, जन्मतारखेवरून नाही. तिशीचं ओझं फक्त तुमच्या घरात आहे.

आता तुमचा मुख्य गैरसमज. काम चांगलं असलं की समिती शोधत येते, असं तुम्ही गृहीत धरलंय. बहुतेक मोठ्या सन्मानांसाठी आधी कुणीतरी नामांकन करावं लागतं. नामांकनपत्र, छोटा सीव्ही, निवडक शोधनिबंधांची यादी आणि पाठिंब्याची काही पत्रं, एवढा ऐवज मुदतीत पोचला तरच नाव समितीपुढे येतं. घसरतं ते बहुधा पत्रांवर. सगळी पत्रं एकाच विभागातून किंवा सहलेखकांकडून आली की वजन जातं. 'कष्टाळू आणि हुशार' हे कुणालाही लावता येतं. या व्यक्तीच्या कामाआधी विषयात काय मानलं जात होतं आणि नंतर काय बदललं, हे दोन परिच्छेदांत सांगणारं पत्र लागतं, आणि ते दुसऱ्या संस्थेतला, काम खरोखर वाचलेला माणूसच लिहू शकतो. त्यामुळे एखाद्या विभागात पदकं जास्त असण्यामागे चांगल्या विज्ञानाइतकीच नामांकनं नेमाने पाठवणाऱ्या सहकाऱ्यांची शिस्तही असते. तुमच्या तक्त्यातून हे दोन्ही वेगळं काढता येत नाही.

गाइड निवडताना त्याच्या मागच्या पाच विद्यार्थ्यांकडे पाहा. पीएचडीला किती वर्षं लागली, पहिलं नाव त्यांचं असलेले निबंध किती, आज ते कुठे आहेत? कोअर प्रयोगशाळेत आधीच आहेत की जहाजावरच्या जागेची वाट पाहायची आहे? समस्थानिक मोजणारं यंत्र, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, विभागाचं स्वतःचं आहे की नमुने बाहेर पाठवून रांगेत थांबावं लागतं? पीएचडी रखडते ती बहुतेकदा या दोन ठिकाणी, आणि गाइडचं पदक तिथे काही कामाचं नाही.



पुरस्कारच हवा असेल तर विद्यार्थ्यांच्या सादरीकरणाचे पुरस्कार तिच्या आवाक्यात आहेत. अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या डिसेंबरमधल्या अधिवेशनात ते असतात, युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या एप्रिल-मेमधल्या सभेतही. विद्यार्थिनी असणं, पहिलं नाव तिचं असणं आणि सादरीकरण तिनेच करणं आवश्यक असतं. शिवाय स्पर्धेसाठी मुदतीत वेगळी नोंद करावी लागते. ती राहिली तर पोस्टर कितीही चांगलं असो, परीक्षक फिरकत नाही. अख्खा प्रबंध एका पोस्टरवर कोंबणं आणि आलेखाच्या अक्षांवर एककं नसणं या नेहमीच्या चुका. 'यात तू स्वतः काय केलंस?' याचं उत्तर मात्र तिच्याकडे तयार आहे : मोजलं.

आणि 'तुमची युवा वैज्ञानिक पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा' असा ई-मेल आला तर सरळ डिलीट करा. निवड समिती कोण आणि आधीचे मानकरी कोण हे जिथे कळत नाही, तिथलं प्रमाणपत्र सीव्हीत दिसलं की जाणकार भुवया उंचावतात.

तक्ता बाजूला ठेवा आणि गाइडला ई-मेल तिला लिहू द्या. एक पान पुरे : कुठला कोअर मोजला, त्यातून कुठला प्रश्न पडला, आणि त्या प्राध्यापकांच्या नेमक्या कुठल्या निबंधाशी तो जुळतो. पाठवण्याआधी तो वाचायला मागू नका.