भिजत पडलेली घोंगडी : चालढकलीविषयी काही प्रश्नोत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. त्यांतील बहुतेकांनी स्वतःला ‘आळशी’ म्हटले आहे, आणि तेवढा एक शब्द मला सगळ्या पत्रांतून खोडावासा वाटला. आळशी माणसाला काम न झाल्याचे फारसे दुःख नसते. चालढकल करणारा मात्र काम टाळतानाही मनाने त्या कामापाशीच घुटमळत असतो, त्यामुळे त्याचे कामही होत नाही आणि विश्रांतीही होत नाही. कामाबरोबर एखादी नकोशी भावना येते, ती चुकवण्यासाठी आपण काम पुढे ढकलतो. ही भावना प्रत्येकाची निराळी असते, म्हणून एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

प्रश्न : मी वरिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. पीएच.डी.च्या नोंदणीला सहावे वर्ष चालू आहे. सहापैकी चार प्रकरणे लिहून झाली; उरलेली दोन पावणेदोन वर्षे तशीच पडली आहेत. सुट्टी लागली की लिहायला बसते, पण संदर्भसूची जुळवणे, टंक बदलणे, समास नीट करणे यातच दिवस जातो. हल्ली मार्गदर्शकांचा फोन आला तरी उचलावासा वाटत नाही. — प्राध्यापिका, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. वेळ नाही म्हणून कोणी मार्गदर्शकांचा फोन टाळत नाही. तो लाज वाटते म्हणून टाळला जातो. चार प्रकरणे पूर्ण करणाऱ्या व्यक्तीला लिहिता येत नाही असे कोण म्हणेल? पण पाचवे प्रकरण जितके लांबले, तितकी ‘एवढा उशीर केला, तर निदान ते तसे उत्तम तरी हवे’ ही अपेक्षा सावकारी व्याजासारखी चढत गेली, आणि आता मूळ मुद्दलापेक्षा व्याजच मोठे झाले आहे. संदर्भसूची जुळवताना ही अपेक्षा समोर उभी राहत नाही. शिवाय ते काम केल्यासारखेही दिसते, म्हणून हात आपोआप तिकडे वळतो.

तेव्हा पहिले काम लिहिण्याचे नाही, फोन करण्याचे आहे. कारणांची यादी न वाचता एवढेच सांगा की दोन प्रकरणे राहिली आहेत, आठ दिवसांत पाचव्याची तीन कच्ची पाने पाठवते, आणि त्यांतील भाषा न तपासता फक्त दिशा बरोबर आहे का ते सांगावे. झाल्या उशिराबद्दल स्वतःला फटके मारत बसू नका. हे मी केवळ दिलासा म्हणून सांगत नाही. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात टिमथी पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यास टाळल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. अपराधाची भावना जेवढी मोठी, तेवढे त्या कामाचे तोंड पाहणेही नकोसे होते.

ती तीन पाने लॅपटॉपवर लिहू नका. दोनशे पानी वही घ्या आणि ‘या प्रकरणात मला असे म्हणायचे आहे की’ या शब्दांनी सुरुवात करून, कोणतेही पुस्तक न उघडता, हाताने लिहा. वहीत टंक बदलता येत नाही. जिथे सनावळी किंवा उद्धरण आठवणार नाही, तिथे कंस करून मोकळी जागा सोडा आणि पुढे जा.

मुदतीबद्दलही थोडे सांगायला हवे. १९९४ मध्ये कॅनडातील तीन मानसशास्त्रज्ञांनी पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत होईल असे विचारले. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. सगळे काही बिघडले तर किती दिवस लागतील, असे विचारल्यावर तो ४९ वर गेला. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही आशावादीच ठरला. ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही प्रकरणे संपवते’ असे तुम्ही मनाशी ठरवले असेल, तर त्या सुट्टीत एकच प्रकरण होईल असे आधीच गृहीत धरा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षांची असून महिला संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. तुमच्या बाबतीतली नेमकी तारीख विद्यापीठाकडून लेखी घ्या, कारण ‘सवलत मिळेल बहुधा’ या धूसर समजुतीइतके चालढकलीला पोषक दुसरे काही नसते.

प्रश्न : डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे. पाडव्यापासून सुरू करायचे ठरवले होते, ते अक्षय्य तृतीयेवर गेले, मग दसऱ्यावर. सुरू केले की पाच-सहा दिवसांत खंड पडतो. मुहूर्ताची वाट पाहण्यातच चूक आहे का? — बँक कर्मचारी, जळगाव

उत्तर : मुहूर्तात चूक नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला व्यायामशाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण वाढते असे दिसले; नव्या पानावर लिहायला सर्वांनाच आवडते. अडचण अशी की आपल्याकडे मुहूर्त साडेतीनच, आणि खंड पडला की तुम्ही थेट पुढच्याची वाट पाहता. सोमवार हा मुहूर्त माना, म्हणजे वर्षाला बावन्न मिळतील.

मुहूर्त फक्त पहिल्या दिवसापुरता असतो, रोजच्यासाठी खूण लागते. ‘उद्यापासून चालेन’ असे न ठरवता ‘सकाळच्या चहाचा कप मोरीत ठेवला की बूट घालीन’ असे ठरवा. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे याच बाबीवर काम केले आहे : अमुक घडले की तमुक करीन, असे बांधून घेतलेले निश्चय नुसत्या इच्छेपेक्षा अधिक पाळले जातात. आणि जळगावात राहून चालायला पाडव्यापासून सुरुवात करणे म्हणजे ऊन चढत असताना बाहेर पडणे होय. वेळ सकाळी सहाची धरा, त्यात मुहूर्ताचा दोष नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, नोकरी मुंबईत आहे. पहाटे डबे, मग सातची लोकल, घरी परत यायला रात्रीचे साडेआठ. लग्नापूर्वी मी शास्त्रीय गाण्यात विशारद झाले होते. गेली बारा वर्षे तंबोरा गवसणीत बांधून कपाटावर ठेवलेला आहे. ‘मनात असले की वेळ मिळतो’ असे घरचे म्हणतात. मी खरेच चालढकल करते आहे का? — एक वाचक

उत्तर : नाही, निदान निम्म्याहून अधिक तरी नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर केलेल्या वेळवापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांची त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, तर ती कामे करणाऱ्या पुरुषांची ९७, असे आढळले. हा फरक ३ तास २२ मिनिटांचा आहे. ‘मनात असले की वेळ मिळतो’ हे वाक्य बहुधा त्याच माणसाच्या तोंडी असते, ज्याचा वेळ दुसऱ्या कुणीतरी मोकळा करून दिलेला असतो.

म्हणून रियाजासाठी वेळ ‘काढण्याचा’ विचार सोडा. तो आहे त्या दिवसातल्या कोणत्या कामातून घ्यायचा, हे कामाचे नाव घेऊन ठरवा. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, जेवणानंतरची भांडी, ओटा आणि दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणे : ही कामे त्या तीन रात्री तुमची नाहीत, असे घरात बसून बोलून घ्या. बोलताना ‘मदत’ हा शब्द वापरू नका, कारण मदत पाहुणाही करतो आणि पाहुण्याला उद्या पुन्हा यायचे बंधन नसते. आणि एकदा काम दिले की ते खरोखर द्या. दुसऱ्याने पुसलेल्या ओट्यावरून पुन्हा फडके फिरवायचा मोह झाला, तर रियाजाच्या वीस मिनिटांतली दहा तिथेच गेली असे समजा. पहिल्या आठवड्यात कढईच्या कडेला मसाला राहील, तो राहू द्या.

उरलेला भाग मात्र चालढकलीचा आहे, आणि त्याची भावना तुम्ही लिहिलेली नसली तरी मला ती ओळखीची वाटते. बारा वर्षांनी षड्ज लावला की जो आवाज ऐकू येईल, तो विशारद झालेल्या मुलीचा नसेल. ते ऐकणे नको असते. माझी एक मैत्रीण अशीच खंड पडल्यावर पुन्हा गाऊ लागली. ती म्हणे की पहिला महिनाभर तिला दम अर्ध्यावर तुटण्याचा राग कमी येई आणि आपलाच सूर आपल्याला सापडत नाही याची शरम जास्त वाटे. म्हणून पहिला महिना बंदिश नको, ताना नकोत, ध्वनिमुद्रण तर मुळीच नको. वीस मिनिटे खर्ज आणि षड्ज, झालेच तर साधे अलंकार. पूर्वीची पट्टी झेपत नसेल, तर खालची धरायला संकोच करू नका.

आणि ‘आधी तंबोरा मिरजेला नेऊन तारा बदलून, जवारी काढून (तारांचा झणकार नीट करून) आणते, मग सुरू करते’ असे मनात आले असेल, तर सावध व्हा. मिरजेला जरूर जा, कारण तंबोऱ्याला हात लावणारे तसे कारागीर इतरत्र सहज मिळत नाहीत. पण ती वारी रियाजाच्या दुसऱ्या महिन्याअखेरीस करा. तोवर मोबाइलवरचा तंबोरा पुरे.

प्रश्न : मी आयटी क्षेत्रात आहे. दिवसा पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती हे तंत्र वापरून कामे बऱ्यापैकी उरकतो. पण रात्री साडेअकराला झोपायचे ठरवूनही दीडपर्यंत मोबाइल पाहत बसतो. इच्छाशक्ती वाढवण्याचा उपाय सांगा. — अभियंता, पुणे

उत्तर : पंचवीस मिनिटांचे ते तंत्र फ्रान्सिस्को चिरिलो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावर बसवले. सुरुवात करायला ते चांगले आहे; कशाची सुरुवात करावी हे ते सांगत नाही. चालू असेल तर चालू ठेवा.

रात्रीच्या जागरणाला इच्छाशक्तीचा उपाय नाही. बाहेरचे काहीही कारण नसताना झोपायला जाणे लांबवण्याच्या या सवयीला नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये स्वतंत्र नाव देऊन अभ्यासले. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांत तिचे कारण बहुतेक वेळा एकच निघते : दिवसभर बैठका, संदेश आणि दुसऱ्याच्या मुदती, म्हणून रात्रीचे दोन तास तेवढे ‘माझे’. झोपलो की ते संपतात आणि डोळे उघडले की पुन्हा दुसऱ्यांचे राज्य सुरू होते. तेव्हा आपला असा पाऊण तास रात्री दहाच्या आतच घ्या, आणि त्यात उपयुक्त काही केलेच पाहिजे अशी अट घालू नका. मोबाइलचा चार्जर बाहेरच्या खोलीत लावा आणि गजराचे साधे घड्याळ आणा. हे करूनही अंथरुणावर पडल्यावर आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, तर तो विषय चालढकलीचा नाही; डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : वय ६८. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली. एक सदनिका, काही मुदत ठेवी, दोन मुलगे. मृत्युपत्र करायचे पाच वर्षे मनात आहे. हाताशी वेळच वेळ आहे, तरी होत नाही, याचेच नवल वाटते. — निवृत्त अधिकारी, नाशिक

उत्तर : वेळच वेळ आहे हेही एक कारण आहे. हाती जेवढा वेळ असेल तेवढा काम फुगत जाते, हे नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकांनी १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकात लिहिले, तेव्हा त्यांनी दाखला दिला तो पुतणीला पोस्टकार्ड पाठवणाऱ्या एका निवांत वृद्ध बाईंचा : तासभर कार्ड शोधण्यात, तासभर चष्मा शोधण्यात, अर्धा तास पत्त्यासाठी, आणि पेटीपर्यंत जाताना छत्री न्यावी की नाही हे ठरवायला वीस मिनिटे.

परंतु आपल्या बाबतीत खरी अडचण मला दुसरी वाटते. मृत्युपत्र लिहायला बसणे म्हणजे आपण नसलेल्या घराचे चित्र पाहणे, आणि दोन मुलांत डावे-उजवे करण्याची भीती. ही भीती वकिलाला फोन न केल्याने जात नाही. ती फक्त आपल्याकडून मुलांकडे जाते. नामनिर्देशन केले आहे म्हणून निश्चिंत असाल, तर बँकेतला नामनिर्देशित हा पैसे स्वीकारणारा असतो, तेवढ्याने तो मालक ठरत नाही, हे लक्षात घ्यावे.

काम मात्र वाटते तेवढे अवघड नाही. भारतीय वारसा कायदा, १९२५ नुसार मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, जरी ती केलेली बरी. आपली सही हवी आणि ती प्रमाणित करणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. जिवंतपणी ते कितीही वेळा बदलता येते, त्यामुळे पहिलेच मृत्युपत्र शेवटचे असल्यासारखे तोलत बसण्याचे कारण नाही.

या रविवारी एका पानावर मालमत्तेची यादी करावी आणि वाटणीचा विचार त्या दिवशी मुळीच करू नये. त्याच्या पुढच्या रविवारी प्रत्येक नोंदीपुढे नाव लिहावे. तो कागद वकिलाला दाखवून मजकूर पक्का झाला की तिसऱ्या रविवारी दोन शेजाऱ्यांना चहाला बोलवावे. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. आणि शेजारी निवडताना ते आपल्याहून वयाने बरेच लहान असतील असे पाहावे, कारण सही खरी आहे हे सांगायची वेळ येईल तेव्हा ते तिथे असायला हवेत.