काळ्या पत्थराखाली काय आहे?

प्रश्न : आमच्या शेतातील सहाशे फूट बोअरला शेवटपर्यंत काळा पत्थरच लागला. त्याखाली खनिज तेल असू शकते का, आणि खोल न खणता ते कसे कळते?
— एक शेतकरी वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : तुमचा बोअर बहुधा निम्म्या वाटेवरच थांबला आहे. तुमच्याच तालुक्यातील किल्लारीत १९९३ च्या भूकंपानंतर ६१७ मीटर खोल छिद्र घेतले गेले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर (साधारण ११०० फूट) बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला हाच काळा पत्थर, संपल्यावर जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा पायाचा खडक लागला. तेल तयार होण्यासाठी सेंद्रिय द्रव्य मिसळलेला गाळ काही किलोमीटर खोल दबून तापावा लागतो. म्हणून भूभौतिकी सर्वेक्षणात, म्हणजे न खणता जमिनीवरून केलेल्या मोजणीत, आधी तेल शोधत नाहीत. पायाचा खडक कुठे खचला आहे आणि त्या खळग्यात गाळ किती साचला आहे, हे शोधतात.

गाळाचे खडक हलके असल्याने त्यांच्या जाड साठ्यावर गुरुत्वाकर्षण किंचित कमी भरते. अशाच नोंदींवरून १९७३ मध्ये कृष्णब्रह्मम आणि नेगी या भूभौतिकी संशोधकांनी कुर्डुवाडी भागात लाव्ह्याखाली खचदरी (जमीन खचून झालेली लांबट दरी) असल्याचे मांडले होते. परंतु हलका ग्रॅनाइटही तशीच नोंद देतो, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

भूकंपीय पद्धतीत जमिनीला हादरे देऊन परतणारे पडसाद जिओफोनने टिपतात. ही मुठीत मावणारी डबी असते. तिचा खिळा भुईत घट्ट रोवतात, आणि आत स्प्रिंगवर टांगलेले तारेचे वेटोळे चुंबकाजवळ हलले की वीज निर्माण होते. आपल्याकडची खरी अडचण अशी की, बसाल्टमध्ये लहरी वेगाने धावतात आणि खालच्या गाळात मंदावतात. त्यामुळे अपवर्तनाच्या, म्हणजे थरांच्या सीमेवर वळून परतणाऱ्या लहरींच्या, नोंदीत तो थर दडून राहतो, आणि लाव्ह्याच्या एकावर एक थरांतून पडसादही विस्कटतात. अशा वेळी पृथ्वीतील नैसर्गिक विद्युत-चुंबकीय लहरी मोजणारी पद्धत उपयोगी पडते, कारण घट्ट बसाल्ट विजेला अडवतो आणि खारे पाणी मुरलेला गाळ तिला वाट देतो. तिचे इलेक्ट्रोड ओल्या मातीत पुरून, कृषिपंपांच्या तारांपासून दूर ठेवावे लागतात.

सौराष्ट्रात बसाल्टखाली मध्यजीव काळातील (डायनोसॉरच्या युगातील) जाड गाळ सापडला आहे. उलट नांदेडच्या देगलूर–बिलोली भागात ग्रॅनाइट जमिनीवर उघडाच दिसतो. किल्लारीच्या इतक्या जवळ, तुमच्या शेताखाली तेल असण्याची शक्यता मला फार कमी वाटते.